तुम्ही विचारलंत म्हणून : ऑटोमॅटिकची तार मी ढिली का करून देत नाही

हिंगणघाट तालुक्यातल्या माझ्या गॅरेजात बहुतेक कामे ट्रॅक्टरची आणि मालवाहू पिकअपची असतात. तरीही महिन्यातून एकदोनदा वर्ध्याहून, यवतमाळहून, क्वचित नागपूरहून कुणाचा तरी फोन येतो आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "भाऊ, जुनी ऑटोमॅटिक आहे, गिअर पडते तवा भल्ला झटका मारते. ते तार थोडी ढिली करून द्याल का जी?" मी मस्कतमध्ये अकरा वर्षे अशाच गाड्यांची कामे केली, हे आता पंचक्रोशीच्या बाहेरही ठाऊक झाले आहे. माझे उत्तर मात्र दर वेळी 'नाही' असते, आणि त्याचे कारण फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही.

ज्यांच्याकडे अलीकडची गाडी आहे त्यांचा प्रश्न मुळातच वेगळा आहे. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते, त्यामुळे तिच्या झटक्याचा या तारेशी काही संबंध नाही. मी बोलतो आहे ते टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणाऱ्या आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या गिअरबॉक्सबद्दल. त्यात थ्रॉटलपासून, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपासून, निघालेली एक बारीक केबल गिअरबॉक्सच्या पोटात शिरते आणि तिथल्या व्हॉल्व्ह बॉडीवरचा, म्हणजे तेलाची वाट ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यावरचा, एक छोटा कॅम (उंचवट्याची चकती) फिरवते. हीच ती तार.

ही तार गिअर बदलते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. एक्सिलरेटरचे पेडल जितके दाबाल तितकी तार ओढली जाते, कॅम फिरतो आणि थ्रॉटल व्हॉल्व्हमधून येणारा तेलाचा दाब वाढतो. दुसऱ्या बाजूने गव्हर्नर गाडीच्या वेगाप्रमाणे दाब वाढवत असतो. या दोन दाबांची रस्सीखेच चालते आणि गव्हर्नरची बाजू जड झाली की वरचा गिअर पडतो. तार ढिली केली की थ्रॉटलची बाजू दुबळी होते, गिअर लवकर आणि मऊ पडतात, आणि मालक खूश होतो. पण त्याच तारेवर दुसरे काम आहे, जे सीटवर बसून कळत नाही. इंजिन जोर लावत असताना गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरून राहाव्यात म्हणून मुख्य तेलदाब वाढवणे, हेही तीच करते. तार ढिली असली तर इंजिन पूर्ण जोरात आणि दाब मात्र हळू चालणाऱ्या गाडीचा, अशी स्थिती होते. प्लेटा निसटतात, तापतात आणि जळतात. मऊपणा म्हणून जो जाणवतो, तो पुष्कळदा या निसटण्याचाच असतो.

मस्कतमध्ये जुन्या शेवरोले कॅप्रिस यायच्या. त्यांच्यातला ७००आर४ हा १९८२ मध्ये आलेला चार गिअरचा बॉक्स या बाबतीत फारच हळवा. कुणी कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग, तारेचे वरचे टोक त्यालाच जोडलेले असते) बदलला आणि तार पुन्हा नीट जुळवली नाही, तर काही किलोमीटरांतच तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या प्लेटांचा कोळसा होत असे. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरीही गावी परतल्यावर पहिली मोठी चूक मी हीच केली.

पूर्व आफ्रिकेत नोकरी करून परतलेल्या एका गृहस्थांनी आपल्या सामानाबरोबर १९९० च्या आसपासची, उजव्या स्टिअरिंगची, तीन गिअरची कोरोला आणली होती. पहिल्यावरून दुसरा गिअर पडताना धप्प असा आवाज येई आणि मागे बसलेल्या त्यांच्या आईची मान हलत असे. त्यांनी फार आग्रह केला, माणूस गोड, वयाने मोठा. मी बाराच्या पान्याने लॉकनट सैल करून तारेचे पाच-सहा आटे सोडले. गाडी लोण्यासारखी चालू लागली. दोन महिन्यांनी, भर मे महिन्यात, पाच माणसे आणि लग्नाचे सामान घेऊन ते अमरावतीला निघाले, तेव्हा तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात इंजिनाची रेस वाढत राहिली आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळू लागली. टेम्पोला बांधून ती माझ्या दारात आली. ऑइल पॅन उघडला तर लालसर असायला हवे ते तेल काळपट तपकिरी झाले होते, त्याला जळका वास येत होता, आणि पॅनच्या तळाशी प्लेटांचा भुगा काजळासारखा बसला होता. प्लेटा मुंबईहून मागवाव्या लागल्या. मजुरी मी घेतली नाही. घेण्याला तोंडही नव्हते.

बॉक्स पुन्हा चढवताना इंजिनाचे एक माउंटिंग, ज्याला आमच्याकडे फाउंडेशन म्हणतात, त्याचे रबर अर्ध्यावर फाटलेले दिसले. धप्प आवाज तिथला होता. गिअर पडताना इंजिन उसळून लोखंडावर लोखंड आदळत होते आणि मी त्याचे खापर तारेवर फोडले होते.

म्हणून आता झटक्याची गाडी आली की मी तारेला शेवटी हात लावतो. आधी तेल पाहतो : गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून परत 'पी'वर आणलेला, मग तेल मोजायची पट्टी काढून पातळी, रंग आणि वास. त्यानंतर माउंटिंग आणि इंजिनाचा स्लो, म्हणजे पेडल न दाबता इंजिन किती वेगाने फिरते ते. मग एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट, ती म्हणजे पायाखालची मॅट. ती जाड असली की पेडल पूर्ण दाबूनही थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, आणि मग तारेचे सगळे माप खोटे ठरते. एक्सिलरेटरची केबल आधी बरोबर असावी लागते, गिअरबॉक्सची तार तिच्यानंतर.

माप बंद इंजिनावर, पेडल पूर्ण दाबून घ्यायचे असते, पेडल सोडून नव्हे. इथेच बहुतेक जण चुकतात. मालकाला आत बसवून पेडल तळाला दाबून धरायला सांगावे आणि आपण बॉनेटखाली पाहावे. तारेवर धातूचा एक छोटा मणी दाबून बसवलेला असतो आणि बाहेरच्या आवरणाच्या टोकाला रबरी टोपी असते. जुन्या टोयोटात पूर्ण थ्रॉटलला टोपीचे टोक आणि मणी यांच्यातले अंतर ० ते १ मिलिमीटर असावे. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशी नसेल तेव्हा मी हॅक्सॉचे पाते वापरतो : पाते अडखळत का होईना सरकावे, रुपयाचे नाणे मात्र शिरता कामा नये. अंतर जास्त असेल तर दोन्ही नटांनी आवरण मागेपुढे करून ते जुळवायचे, नट घट्ट करायचे आणि पुन्हा एकदा पेडल दाबून पाहायचे, कारण नट आवळताना माप हमखास थोडे सरकते.

मण्याला हात लावू नये. कारखान्याने तो जागेवर चेपून बसवलेला असतो आणि आधीच्या एखाद्या कारागिराने पक्कडीने तो सरकवला असेल, तर दिसणारे अंतर बरोबर असूनही तार चुकीची असते. तशी शंका आली की गिअरबॉक्सवरच्या छिद्राला गेज लावून दाबच मोजावा लागतो. जोर लावून दाब मोजताना गाडी ब्रेकवर रोखून धरायची असते आणि पाच सेकंदांच्या वर रेस द्यायची नसते, म्हणून हे काम घरी करू नये.

तार जास्त ताणलेली असली तर उलटे होते : गिअर उशिरा आणि आपटून पडतात, थोडे दाबले तरी खालचा गिअर येतो. पण आमच्या भागात अचानक सुरू झालेल्या झटक्याचे कारण ताण नसून पुष्कळदा काळ्या मातीची धूळ असते. ती पावसाच्या ओलीबरोबर आवरणात शिरते, तार अडकते, पेडल सोडले तरी ती पूर्ण परत येत नाही आणि दाब चढलेलाच राहतो. अशी अडकलेली तार आटे फिरवून सुटत नाही, बदलावी लागते. आणि बदलायची तर पॅन काढून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत जावे लागते, म्हणजे दिवसभराचे काम आणि नवे तेल.

काही जण म्हणतात, आमच्या गाडीत गिअर कॉम्प्युटर बदलतो, तेव्हा तार ढिली केली तर काय बिघडेल? त्या काळच्या पुष्कळ टोयोटांत गिअर केव्हा पडावा हे कॉम्प्युटर ठरवतो हे खरे, पण तेलाचा दाब तरीही तारेवरच असतो. तिथे तर तार ढिली केल्याने गिअर लवकरही पडत नाही, म्हणजे चुकीची खूणही दिसत नाही, आणि प्लेटा मात्र तशाच जळतात.

ती कोरोला अजून चालते. दिवाळीनंतर कापूस घरी आला की ते गृहस्थ ती घेऊन येतात, न सांगता आत बसून पेडल तळाला दाबून धरतात आणि काचेतून विचारतात, "जाते का पातं?"