विषय क्रमांक १४ : एक लाख रुपयांची देणगी

विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचे कामकाज बाहेरच्या माणसाला दिसते ते वर्तमानपत्रातील चार ओळींच्या बातमीतून, आणि ती बातमी बहुधा वादाची असते. सभा विभागात नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींना ते दिसते कागदांतून. बैठकीची सूचना, कार्यक्रमपत्रिका, प्रत्येक विषयाची टिपणी, पुरवणी कार्यक्रमपत्रिका आणि शेवटी इतिवृत्त, हे सारे आमच्या टेबलावरून जाते. परिषदेत तासभर झालेल्या चर्चेचा जो ठराव इतिवृत्तात उतरतो आणि पुढच्या बैठकीत कायम होतो, तोच पुढे विद्यापीठाचा निर्णय म्हणून टिकतो. हे काम मी बरीच वर्षे करीत आहे. त्यातील एका बैठकीविषयी येथे लिहीत आहे, कारण परिषदेने कसे वागावे याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

प्रथम रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सोलापूरचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न होती. एकाच जिल्ह्यापुरते असलेले हे विद्यापीठ असल्यामुळे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचे प्राचार्य, प्राध्यापक आणि संस्थाचालक एकमेकांना नावानिशी ओळखतात. राज्यातील इतर सार्वजनिक विद्यापीठांप्रमाणे येथेही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १९९४ च्या कायद्याची जागा घेतली. त्यानुसार अंदाजपत्रकाला मंजुरी देणे आणि समाजाच्या अपेक्षा विद्यापीठापर्यंत पोहोचवणे हे अधिसभेचे काम आहे, शैक्षणिक दर्जा आणि अभ्यासक्रम हे विद्यापरिषदेचे, आणि प्रत्यक्ष कारभार व धोरण हे व्यवस्थापन परिषदेचे. परिषदेचे अध्यक्ष कुलगुरू असतात व कुलसचिव सदस्य-सचिव असतात. अधिसभेने आपल्यातून निवडून दिलेले प्राचार्य, अध्यापक, संस्थांचे व्यवस्थापन प्रतिनिधी आणि पदवीधर, विद्यापरिषदेचे प्रतिनिधी, कुलपतींनी नामनिर्देशित केलेली व्यक्ती आणि शासनाचे अधिकारी असे तिचे सदस्य असतात. इतक्या वेगवेगळ्या दारांनी आलेली माणसे एका टेबलाभोवती बसतात, त्यामुळे एकमत सहजासहजी होत नाही, आणि माझ्या मते ते सहजासहजी होऊही नये.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता गणपूर्ती झाल्याची नोंद करून कामकाज सुरू झाले. मागील बैठकीचे इतिवृत्त एका किरकोळ दुरुस्तीसह कायम झाले आणि त्यावरील कार्यवाहीचा अहवाल वाचून झाला. नंतर मोठ्या रकमांचे विषय आले. एका इमारतीच्या कामाची निविदा, प्रयोगशाळेच्या उपकरणांची खरेदी आणि वार्षिक लेखे हे तिन्ही विषय मिळून अर्ध्या तासाच्या आत मंजूर झाले. ही घाई आहे असे कोणाला वाटेल, पण ते तसे नव्हते. बांधकामाचा विषय इमारत व बांधकाम समितीतून आला होता, खरेदीचा खरेदी समितीतून, आणि लेख्यांची छाननी वित्त व लेखा समितीने केली होती. आकडा मोठा असला की तो अनेक डोळ्यांखालून गेलेला असतो, आणि परिषदेला त्या समित्यांनी आपले काम केले आहे की नाही एवढेच पाहायचे असते.

विषय क्रमांक १४ असा कोणत्याही समितीतून आलेला नव्हता. टिपणी अर्ध्या पानाची होती. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहणाऱ्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या एका बाईंनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून एक लाख रुपये विद्यापीठाला देऊ केले होते. त्यांची मुलगी आमच्याच विद्यापीठातून गणितात एम. एस्सी. झाली आणि आता शिक्षिका आहे. आईची इच्छा अशी होती की त्या रकमेच्या व्याजातून दरवर्षी गणितात पहिल्या येणाऱ्या विडी कामगाराच्या मुलीला दीक्षान्त समारंभात सुवर्णपदक द्यावे. सोबत टंकलिखित अर्ज होता आणि त्याखाली तेलुगू लिपीत सावकाश, एकेक अक्षर सुटे काढून केलेली सही होती.

सोलापूर ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एक लाखाचे वजन वेगळे सांगायला नको. येथे मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात माल तपासून घेतल्यावर त्यातून जो बाद होईल तो सोडून द्यायचा. हे काम बहुतांशी बायकाच करतात, आणि त्यांतील कित्येकींच्या घरी तेलुगू बोलली जाते.

कुलसचिवांनी टिपणी वाचली तेव्हा सर्वांचे चेहरे प्रसन्न झाले. एका प्राचार्य सदस्यांनी लगेच मंजुरीची सूचना मांडली आणि दुसऱ्यांनी अनुमोदन दिले. मी ठरावाचा मजकूर लिहायला घेतला होता, तेवढ्यात पदवीधरांतून आलेल्या एका सदस्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते आणि तिन्ही मुद्दे बिनतोड होते. सुवर्णपदकासाठी विद्यापीठाने ठरवलेली किमान ठेव या रकमेहून बरीच जास्त आहे. वित्त अधिकाऱ्यांनी तेथेच हिशेब सांगितला की साडेसहा टक्के दराने वर्षाला साडेसहा हजार रुपये व्याज मिळेल, आणि दर उतरला तर तेवढेही नाही. दुसरा मुद्दा, विडी कामगाराची मुलगी हे ठरवायचे कसे? केंद्र शासनाच्या १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली ओळखपत्रे मिळत असली, तरी अनेक घरांत ओळखपत्र सासूच्या नावावर असते आणि विड्या सून वळते. तिसरा मुद्दा ऐकून सभागृह गप्प झाले. टिपणीत ‘विडी कामगाराच्या मुलीला’ एवढेच म्हटले होते, मात्र सोबत जोडलेल्या मूळ अर्जात ‘आमच्या समाजातील विडी कामगाराच्या मुलीला’ असे शब्द होते. विद्यापीठ जात, धर्म, लिंग न पाहता सर्वांना खुले आहे असे आमचा कायदाच सांगतो, मग एका समाजापुरते पदक परिषदेने कोणत्या तोंडाने स्वीकारावे?

यानंतरची चर्चा तासाभराहून अधिक चालली. व्यवस्थापन प्रतिनिधींपैकी एक सदस्य कळकळीने म्हणाले की एका कष्टकरी बाईने पोटाला चिमटा घेऊन दिलेले पैसे आपण कलमे दाखवून परत करणार असू, तर आपल्याला या जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. किमान ठेवीचा नियम परिषदेनेच केलेला आहे, तेव्हा परिषद तो एका प्रकरणापुरता शिथिलही करू शकते. त्यांना उत्तर दिले ते एका अध्यापक सदस्यांनी. त्या म्हणाल्या की आज आपण एका गरीब बाईंसाठी नियम शिथिल केला, तर उद्या एखादा श्रीमंत माणूस हाच ठराव पुढे करून आपल्या वडिलांच्या नावाचे पदक निम्म्या रकमेत मागेल आणि तेव्हा नाही म्हणायला आपल्याजवळ शब्द उरणार नाहीत. सवलत द्यायची असेल तर ती सर्वांना लागू होईल अशा रीतीने द्या. मला हे म्हणणे पटले. अपवाद नेहमी दुबळ्याच्या नावाने सुरू होतो आणि बलवानाच्या उपयोगी पडतो, हे मी जुनी इतिवृत्ते चाळताना अनेकदा पाहिले आहे.

त्याच सदस्यांनी वाटही सुचवली. पदकाऐवजी रोख पारितोषिक आणि प्रमाणपत्र असा वेगळा प्रकार करावा, त्याची किमान ठेव कमी ठेवावी आणि ती प्रत्येक देणगीदाराला खुली असावी. मात्र येथे कुलसचिवांनी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. देणगीदाराची अट परिषद परस्पर बदलू शकत नाही. देणगी अटीसह स्वीकारता येते किंवा नाकारता येते. अट बदलायची असेल तर देणगीदाराची संमती लागते.

कुलगुरूंनी मला बाहेर जाऊन बाईंशी दूरध्वनीवर बोलायला सांगितले. व्हरांड्यात उभे राहून मी अर्जावरचा क्रमांक लावला. पलीकडून आधी मुलगी बोलली आणि मग तिने आईच्या हाती फोन दिला. मी म्हणालो, “मावशी, विद्यापीठातून बोलतोय. तुमच्या अर्जात ‘आमच्या समाजातील’ असं लिहिलंय. तुमची तशीच इच्छा आहे का?” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “नाही हो साहेब. मी विडीचं सांगितलं होतं. समाजाचं त्या लिहिणाऱ्यानं आपल्या मनानं घातलं. कुणाची का पोरगी असंना, आई विड्या वळती ना?” पदकाऐवजी रोख पारितोषिक चालेल का असे विचारल्यावर त्यांनी उलट मलाच विचारले की मुलीच्या हातात पैसे पडतील का. पडतील, असे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग पैसेच द्या. पुस्तकं घेईल.”

मी आत येऊन हे संभाषण शब्दशः सांगितले. आता सर्व सुटले असे बहुतेकांना वाटले, कारण दीक्षान्त समारंभ जवळ आला होता आणि त्याच समारंभात पहिले पारितोषिक जाहीर करता येण्यासारखे होते. एका सदस्यांनी सुचवले की परिषदेने देणगी तत्त्वतः स्वीकारावी, लेखी संमती आल्यावर पुढील कार्यवाहीचा अधिकार कुलगुरूंना द्यावा आणि ठराव याच बैठकीत कायम करावा. दुसऱ्या एकांनी तर विद्यापीठ कायद्याच्या कलम १२ (७) ची आठवण करून दिली. तातडीची परिस्थिती असेल तर कुलगुरूंना स्वतः निर्णय घेता येतो आणि त्याची कारणे व केलेली कार्यवाही नंतर संबंधित प्राधिकरणापुढे लेखी मांडावी लागते. त्यावर मतभेद झाला तर प्रकरण कुलपतींकडे जाते.

या ठिकाणी कुलगुरू जे बोलले त्यामुळे हा दिवस माझ्या मनात राहिला. ते म्हणाले, “तातडी कसली? पारितोषिक एक वर्ष उशिरा दिलं तर कोणाचं नुकसान होत नाही. दूरध्वनीवरच्या शब्दावर मी सार्वजनिक पैशाची कायमची अट बदलणार नाही, आणि परिषदेनेही बदलू नये. बाईंचं लेखी पत्र येऊ द्या, नव्या प्रकाराचे नियम लिहून येऊ द्या, मग दोन्ही कागद समोर ठेवून निर्णय घेऊ.” सभागृहातील बहुमत त्यांना अधिकार द्यायला तयार असताना त्यांनी ते घेतले नाहीत. अधिकार वापरल्याची उदाहरणे इतिवृत्तांत पानोपानी सापडतात. समोर आलेला अधिकार बाजूला ठेवल्याचे उदाहरण शोधावे लागते.

ज्या व्यवस्थापन प्रतिनिधींनी प्रारंभी कळकळीने बाजू मांडली होती, त्यांना हा निर्णय मान्य झाला नाही. आपली असहमती कारणांसह नोंदवावी अशी त्यांनी मागणी केली. काही सदस्यांनी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला की चांगल्या कामाच्या विषयावर ठराव एकमताने झालेला बरा दिसतो. कुलगुरूंनी तो प्रयत्न थांबवला आणि मला मजकूर लिहून सभागृहातच वाचून दाखवायला सांगितले. मी लिहिले, ‘सदर देणगी आजच स्वीकारावी व विलंबामुळे देणगीदाराच्या मनात विद्यापीठाविषयी परकेपणाची भावना निर्माण होऊ नये, असे मत सन्माननीय सदस्यांनी नोंदविले.’ त्यांनी एक शब्द बदलायला लावला. ‘देणगीदाराच्या’ ऐवजी ‘कामगार भगिनीच्या’ असे लिहा, म्हणाले. कोणीही हरकत घेतली नाही आणि तो शब्द तसाच राहिला.

ठरावाचा मजकूर ठरवायला आणखी वीस मिनिटे गेली. वित्त व लेखा समितीने कमी ठेवीच्या पारितोषिकांचे नियम तयार करावेत, गुणांच्या निकषाबाबत विद्यापरिषदेचे मत घ्यावे, देणगीदारांकडून सुधारित लेखी इच्छापत्र मागवावे आणि विषय पुढील बैठकीत ठेवावा, असे ठरले. त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेतील सर्वांत लहान रकमेच्या विषयाला सर्वांत जास्त वेळ लागला, याबद्दल बैठकीनंतर कार्यालयात काहींनी नाराजी व्यक्त केली. मला तो वेळ योग्य कारणी लागला असे वाटते. निविदेच्या रकमेने एक इमारत उभी राहणार होती, पण देणगीच्या अटीचा निर्णय त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक देणगीला लागू होणार होता.

सुधारित पत्र घेण्यासाठी मी स्वतः कुंभारीला गेलो. अर्जाचा मजकूर आधी मराठीत वाचला, मग त्यांच्या मुलीने तो तेलुगूत सांगितला. ‘ज्या विद्यार्थिनीचे पालक अथवा कुटुंबातील स्त्री विडी वळण्याचे काम करते किंवा करीत होती’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतले. सुनेचे कार्ड नसले तरी चालेल ना, याची खात्री त्यांना करून घ्यायची होती. पुढच्या बैठकीत ओळखपत्र, कारखान्याचा दाखला किंवा भविष्य निर्वाह निधीचा उतारा यांपैकी कोणताही एक पुरावा ग्राह्य धरण्याचे ठरले, देणगी सर्वानुमते स्वीकारली गेली, आणि तो ठराव मात्र त्याच बैठकीत कायम करण्यात आला. अनुमोदन दिले ते असहमती नोंदवणाऱ्या सदस्यांनीच.

त्याच वेळी त्यांनी एक उपसूचना मांडली आणि ती मंजूर झाली. देणगीचे इच्छापत्र दुसऱ्याने लिहून दिलेले असेल, तर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने ते देणगीदाराला त्याच्या घरच्या भाषेत वाचून दाखवावे आणि तशी नोंद पत्रावरच करावी. आमच्या विभागातील देणगीच्या छापील नमुन्यात सहीच्या वर आता त्यासाठी एक रकाना आहे : ‘मजकूर मराठी / तेलुगू / कन्नड / उर्दू भाषेत वाचून दाखविला.’