पऱ्हाटीच्या कुडाला खिडकी नसते

आमच्या सांडपाणी प्लांटच्या आपत्कालीन आराखड्यात एक वाक्य होतं, "वायुगळती झाल्यास परिसरातील नागरिकांनी दारे-खिडक्या बंद करून घरात थांबावे." सहा वर्षं दर तपासणीला मी त्या फायलीवर सही केली. आमच्या कुंपणापलीकडे, नाल्याच्या कडेला, दोन सालदारांची, म्हणजे सालभराच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांची घरं आहेत. पऱ्हाटीचे कुड, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या भिंती, वर पत्रा, दाराला गोणपाट. तिथं बंद करण्यासारखं काही नाहीच, हे माझ्या डोक्यात शिरायला मागच्या मे महिन्यातली एक दुपार यावी लागली.

मी इथे केमिस्ट आहे. पूर्वी शुद्ध केलेल्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठाले सिलिंडर यायचे, एकेका टनरमध्ये ९०० किलो गॅस. तेव्हा सगळ्यांना धाक असायचा. टनर जोडला की अमोनियात बुडवलेला कापूस सांध्याभोवती फिरवायचा. पांढरा धूर दिसला की समजायचं, गळतंय. गळतीवर पाणी मारायचं नाही, कारण ओलाव्यात क्लोरीनचं आम्ल होतं आणि छिद्र मोठं होतं, हे नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. पुढे टनर बंद झाले, हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट आलं, आणि "आता गॅस नाही" म्हणून सगळे निर्धास्त झाले. मीसुद्धा.

गॅस साठवलेला नव्हता, पण तो तयार होऊ शकत होता. आमच्याकडे गाळ खाली बसवायला लिक्विड अलम, म्हणजे तुरटीचं आम्लधर्मी पाणी वापरतात. हायपो त्यात पडलं की क्लोरीन सुटतो. या दोन्ही टाक्यांच्या भरणीच्या नळ्या एकाच भिंतीवर, हातभर अंतरावर होत्या. तोंडं एकाच मापाची. वर इंग्रजीत रंगवलेली नावं उन्हानं पुसट झालेली.

त्यात आपल्या खानदेशातलं ऊन. हायपो गरमीत टिकत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की ते तिप्पट-चौपट वेगानं विरतं. पंचेचाळीसच्या मे महिन्यात, उघड्यावरच्या टाकीत, आठवड्याभरातच त्याचा जोर उतरलेला मला लॅबमध्ये दिसतो. मग डोस वाढवायचा, माल लवकर संपायचा, टँकर जास्त वेळा मागवायचा. जितके टँकर जास्त, तितक्या वेळा कोणीतरी त्या दोन सारख्या नळ्यांसमोर होज घेऊन उभं.

त्या दिवशी दीडच्या सुमारास लाईट गेली. शिफ्टवरचे आप्पा पॅनलकडे धावले. टँकरचा ड्रायव्हर नवा होता, त्यानं होज अलमच्या नळीला लावला. गेलं असेल जेमतेम बादलीभर. टाकीच्या व्हेंटमधून हिरवट-पिवळा धूर आला आणि वर न जाता टाकीच्या अंगावरून खाली ओघळला. तो उतरताना मी खिडकीतून बघितला. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो हे मी कितीजणांना शिकवलं होतं, पण तो असा पाण्यासारखा उतार शोधत जातो हे डोळ्यांनी पाहणं वेगळं. आप्पांनी ओरडून टँकरचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला आणि ड्रायव्हरला हाताला धरून वाऱ्याच्या उलट्या दिशेला ओढत नेलं. आतली माणसं वाचली.

पश्चिमेचा वारा होता. सांडपाण्याचा प्लांट गावाच्या सगळ्यात सखल जागी असतो, पाणी आपोआप यावं म्हणून. आमच्याहून सखल एकच जागा आहे, तो नाला. वळसा घालून, वरच्या बांधावरून मी तिथं पोचले तेव्हा म्हातारी पदरानं डोळे पुसत बाहेर आली होती. "ताई, डोयामा काय झोंबी राहिनं वं?" नातू खोकत होता. मी म्हटलं, चला, आधी इथून निघा. तिनं विचारलं, "मंग कथा पयानं?" मग पळायचं कुठे?

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या फायलीत नव्हतं.

पोराला आणि म्हातारीला रुग्णालयात रात्रभर ठेवून घेतलं, कारण क्लोरीनमुळे फुप्फुसात पाणी व्हायला कधी कधी काही तास जातात. माणूस बरा वाटतो म्हणून घरी न्यायचा नसतो. दोघं सकाळी ठणठणीत परतली. मला मात्र बरेच दिवस झोप नव्हती.

भोपाळनंतर आपल्याकडे १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, १९९६ चे रासायनिक अपघातांचे आले. जिल्हाधिकाऱ्यांनी कारखान्याबाहेरचा आराखडा करायचा, तो मोठ्या साठ्यांसाठी. आमच्या त्या बादलीभर हायपोला कुठलाच तक्ता लागू होत नाही. म्हणून आम्हीच बसलो, आप्पा, मी आणि दोन्ही सालदार.

हायपोच्या नळीचं कपलिंग वेगळ्या मापाचं केलं. दोन्ही नळ्यांना कुलूप, किल्ली शिफ्टवरच्या माणसाच्या खिशात. तो समोर नसेल तर टँकर थांबेल. होज लावण्याआधी टँकरमधला थेंब पीएच पट्टीवर टाकायचा. हायपो असेल तर पट्टी आधी निळी होते आणि बघता बघता तिचा रंग उडून ती पांढरी पडते. अलमनं लाल होते आणि लालच राहते. हे आप्पांना इतकं आवडलं की ते प्रत्येक ड्रायव्हरला दाखवतात. टाकीवर पत्र्याचं छत टाकून घेतलं, हायपो आता जास्त दिवस टिकतं.

बाहेरच्यांसाठी आधी सायरनचा विचार होता. पण घात झाला तोच लाईट गेल्यावर. म्हणून गेटपाशी रुळाचा तुकडा टांगला, शाळेच्या घंटेसारखा. उंच खांबावर केशरी विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी पिशवी लावली, घरांच्या दारातून दिसेल अशी. टोल ऐकू आला की त्या कापडाची शेपटी कुणीकडे आहे ते बघायचं, आणि तिच्या आडव्या दिशेनं निघून टेकाडावरच्या मारुतीच्या ओट्यावर जायचं. नाल्यात उतरायचं नाही. ओला फडका नाकाला लावला तर बरंच, पण तो शोधत थांबायचं नाही. वर पोचल्यावर ११२ ला फोन. हे सगळं म्हातारीनं मला अहिराणीत उलट म्हणून दाखवलं, तेव्हा मी आराखड्यातलं ते जुनं वाक्य खोडलं.

पहिल्या सरावात बकरी सोडायला वेळ गेला. आता तिची दोरी सरकफासाची असते.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली. सालदारांचं साल फिरलं, म्हातारीचं कुटुंब शेजारच्या गावाला गेलं, आणि त्या कुडात नवीन माणसं आली आहेत, दोन लहान पोरी आहेत त्यांना. उद्या सकाळी आप्पा आणि मी तिकडे जाणार आहोत.