दोरीचं दुसरं टोक

आमच्या घराच्या आणि अण्णांच्या घराच्या मध्ये दोन फुटांचा बोळ आहे. म्हणजे होता. पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर. त्या बोळात कधी कुणी सायकलसुद्धा लावली नाही. पावसाचं पाणी, मांजरं आणि आमच्या पोरांचे हरवलेले चेंडू, एवढाच त्याचा उपयोग. त्या बोळापायी २०२२ सालचे अडीच महिने आम्ही दोन घरं एकमेकांचं तोंड न बघता राहिलो.

मी कटिंग मास्तर आहे. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यातल्या एकात तीस वर्षं कापड कापतोय. टेबलावर पांढऱ्या शर्टिंगचे साठ-साठ थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मशीन फिरवायची. दोन सूत चुकलं तर साठ कॉलर एकदम वाया. त्यामुळे मापाच्या बाबतीत आपलं कुणी काढू नये असा माझा एक ताठा होता. होता म्हणतोय, कारण पुढे त्याचं जे झालं ते झालं.

अण्णा म्हणजे शेजारचे. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांचे वडील हातमागावर बसायचे, अण्णांनी चार यंत्रमाग चालवले, मुलाने ते मोडीत काढून मोबाइलचं दुकान टाकलं. वहिनी अजूनही ओट्यावर बसून विड्या वळतात. मांडीत सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. बोलताना मान वर करतात, पण बोटं थांबत नाहीत. माझ्या बायकोला त्या ‘अक्का’ म्हणतात आणि मला सगळी गल्ली म्हणते तसं ‘मास्तर’.

पाडवा झाला आणि अण्णांनी घर पाडायला काढलं. मुलाचं लग्न ठरलं होतं, वर दोन मजले चढवायचे होते. एका सकाळी मी कामावर निघालो तर बोळात गवंडी चुन्याची फक्की टाकत होता. फक्की थेट आमच्या भिंतीला लागून.

“अण्णा, ही कुठपर्यंत आणली रेघ?”

“आमच्या हद्दीपर्यंत. बोळ आमचाच आहे की. आमच्या पन्हाळीचं पाणी इतकी वर्षं कुठं पडत होतं?”

मी म्हटलं, निम्मा आमचा आहे. ते म्हणाले, कागद दाखवा. मी म्हटलं, तुम्ही दाखवा. झालं. गवंडी फक्कीची पाटी खाली ठेवून विडी ओढत बसला.

माझा कागद म्हणजे वडिलांचं १९७८ सालचं खरेदीखत. त्यात चतुःसीमा लिहिलेली आहे आणि पश्चिमेस फक्त चार शब्द: ‘सामाईक बोळ व घर’. किती फुटांचा बोळ, निम्मा कुणाचा, काही नाही. अण्णांच्या खतात पूर्वेस ‘बोळ’ एवढंच. सामाईक हा शब्द माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, यावर मी आठ दिवस छाती काढून फिरलो. सिटी सर्व्हेचे उतारे दोघांनीही काढले. त्यावर नाव, नंबर आणि क्षेत्र असतं, चौरस मीटरमध्ये. पण भिंत कुठे घालायची ते उताऱ्याला विचारून कळत नाही.

पुढचे दिवस लिहिण्यासारखे नाहीत. दोन्हीकडच्या पोरांनी एकदा आवाज चढवला, गल्लीतल्या ज्येष्ठांनी बसवलं, चहा झाला, चहात काही निघालं नाही. सीझन चालू होता. एप्रिल ते जून युनिफॉर्मवाल्यांना जेवायला फुरसत नसते. मी रात्री अकराला घरी यायचो आणि टॉर्च घेऊन बोळात जाऊन फक्की सरकली का ते बघायचो. बायको म्हणायची, आता तिथेच गादी टाका.

खरा त्रास झाला तो पाण्याचा. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. तेव्हा चार-पाच दिवसांनी यायचं, आणि आमच्या गल्लीत बहुतेक वेळा रात्री अडीच-तीनला. वहिनींची झोप हलकी. नळाने फुसफुस केली की त्या उठणार, मागच्या खिडकीतून कपडे धुवायचं धोपाटणं बाहेर काढणार आणि आमच्या बाथरूमच्या भिंतीवर तीन ठोके देणार. “अक्का! नीळ्ळु वच्चिनय!” ‘पाणी आलं’, बायकोला तेलुगूचं एवढंच वाक्य येतं, पण झोपेतसुद्धा कळतं. भांडणानंतर ठोके बंद झाले. एप्रिल-मेमध्ये आमचं पाणी दोनदा चुकलं. त्रेचाळीस डिग्रीत टँकरच्या मागे बादली घेऊन पळताना बोळाचा हक्क वगैरे फार आठवत नाही.

शेवटी मीच मोजणीचा अर्ज केला, हद्द कायम मोजणीचा. तेव्हा साधी, तातडीची आणि अति तातडीची असे प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच आहेत. लवकर हवी तितकी फी जास्त. अर्ज केला की लगतधारकांना नोटीस जाते, म्हणजे ज्यांची हद्द आपल्याला लागून आहे त्या सगळ्यांना. अण्णांनी नोटीस घेतली आणि दारातूनच मोठ्याने म्हणाले, “करू दे. मास्तरला मापाची लई हौस आहे.”

भूकरमापक आला तेव्हा जून लागला होता, पाऊस नव्हता. पंचविशीचा पोरगा, डोक्याला उपरणं बांधलेला. माझी समजूत, की टेप काढेल, बोळ मोजेल, मधोमध खूण करेल, अर्ध्या तासाचं काम. तो बोळाकडे फिरकलासुद्धा नाही. आधी गल्लीच्या तोंडाशी गेला, तिथलं जुनं दगडी जोतं धरलं, मग मागच्या गल्लीतला वाड्याचा कोपरा, मग मारुतीच्या देवळाचा. तिपाईवरचं यंत्र तीनदा हलवलं.

मी त्याच्या नकाशात डोकावलो. कोपऱ्यात १:५०० लिहिलेलं. हिशोब करायची सवय जात नाही. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. शाईची रेघ अर्धा मिलिमीटर धरली तर ती रेघच जमिनीवर दहा इंचांची. आम्ही ज्याच्यासाठी भांडत होतो ते जवळजवळ सगळं त्या रेघेच्या जाडीतच मावत होतं!

त्याला विचारलं तर तो हसला. “म्हणूनच एकट्या रेघेवर जात नाही काका. चारी बाजूची जुनी पक्की बांधकामं मोजतो, नकाशाशी जुळवतो आणि मग तुमची हद्द काढतो.”

दुपारी दीडला त्याने लाल रंगाने दोन खुणा केल्या. एक पुढे रस्त्याच्या बाजूला, आमच्या भिंतीपासून एकोणीस इंचांवर. दुसरी मागे, पाच इंचांवर.

मी दोन्हीकडे पुन्हा टेप लावली. एकोणीस. पाच. रेघ तिरपी होती. चाळीस फुटांत चौदा इंच सरकलेली. सरासरी काढली तर बरोबर बारा, म्हणजे निम्मा बोळ माझा आणि निम्मा अण्णांचा. क्षेत्राला दोघांच्याही धक्का नाही. पण पुढे अण्णांचा ओटा पाच इंच माझ्या जागेत आलेला, आणि मागे माझी बाथरूम सात इंच अण्णांच्या जागेत गेलेली. अर्ज माझा, फी माझी, आणि जास्तीचं अतिक्रमणही माझंच.

रोज साठ थरांवर तिरप्या रेघा मारणारा मी. पॅन्टचा कट तिरपा, शर्टाचा खांदा तिरपा. ज्या घरात वाढलो त्याची हद्द तिरपी असेल हे मला छप्पन वर्षांत सुचलं नव्हतं.

जवाबावर सह्या घेताना पोरगा म्हणाला, “आम्ही हद्द दाखवतो. ताबा देणं-घेणं आमच्याकडे नाही, त्याला दिवाणी कोर्ट. मोजणी मान्य नसेल तर निमताणा मागा, वरचे साहेब येऊन परत मोजतील.” अण्णांनी सही केली. काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं टोमणा येईल. आला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी नकाशा बघून पहिलं विचारलं, बाथरूम कधीची? म्हटलं, १९९६ची. त्यांचा चेहरा खुलला. बारा वर्षांच्या वर उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा असेल तर कोर्टात मालकी सांगता येते, म्हणाले. मला एकदम हलकं वाटलं. सात इंच वाचले.

मग त्यांनी पेन टेबलावर ठेवून विचारलं, “बांधताना शेजाऱ्यांची संमती होती का? संमती असेल तर तो विरुद्ध ताबा होत नाही. मग कितीही वर्षं होऊ द्या.”

मी लगेच ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

१९९६चा मे महिना होता. वडील असताना आमच्याकडे बाथरूम नव्हती, मागे तट्ट्याचा आडोसा होता. माझं लग्न ठरलं म्हणून बांधायला काढली. गवंडी एकटाच, मदतनीस आला नव्हता. सूत धरायला दुसरा माणूस हवा होता. अण्णा माग बंद करून आले, बनियनवर, केसांत कापसाची भुरभुर. मी आमच्या भिंतीपासून बारा इंच मोजून दोरीचं एक टोक धरलं, आणि दुसरं टोक अण्णांनी. “बरोबर आहे का अण्णा?” मी विचारलं होतं. त्यांनी एक डोळा मिटून दोरीवरून नजर टाकली होती आणि म्हणाले होते, “एकदम सरळ. बांधा.”

सरळच होती ती. आमच्या भिंतीला समांतर. हद्द तिरपी आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

वकिलांना म्हटलं, संमती होती. लेखी आहे का, त्यांनी विचारलं. नाही. “मग ते सिद्ध कसं करणार?” ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांचं काम ते करत होते. मी फी दिली आणि जिना उतरलो. खाली उसाचा रस घेतला, तो पिता पिता एवढंच कळलं की कोर्टात अण्णा समोर उभे असताना मला ते जमणार नाही. शहाणपण म्हणा, भित्रेपणा म्हणा. बायको भित्रेपणा म्हणाली.

माझ्या मेहुण्याची मोहोळ तालुक्यात शेती आहे. त्याने फोनवर सांगितलं, आमच्याकडे बांध कोरणाऱ्याला कुणी विचारत नाही, सरळ कुदळ काढतात. (शेतजमिनीत एकाच्या जागेत दुसऱ्याचा बारा वर्षं ताबा असेल तर अदलाबदलीसाठी सरकारने पुढे जानेवारी २०२३मध्ये सलोखा योजना आणली, हजार रुपये मुद्रांक आणि हजार नोंदणी. मेहुण्याने तीत भाग घेतला नाही. घरांना ती लागूच नाही.)

त्या रात्री अण्णांच्या दारात गेलो. घर पाडलेलं, पुढच्या खोलीवर पत्रे टाकून राहत होते. म्हटलं, “दोरी तुम्ही धरली होती.”

अण्णा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हां. आणि तुम्ही विचारलं होतं, बरोबर आहे का.” त्यांनाही आठवत होतं. अडीच महिने दोघांनाही आठवत असणार.

मी बाथरूमची भिंत मागे घेतो म्हटलं. ते म्हणाले, ओटा मीही कापतो. वहिनी मध्येच तेलुगूत काहीतरी तडकल्या, बहुधा ओट्यावरूनच. सकाळी तिथे आमच्या घराची सावली येते, त्यांची विड्यांची बैठक तिथली. बायको म्हणाली, ओटा राहू द्या की. अण्णा ऐकेनात. “मास्तरचे सात घ्यायचे आणि आपले पाच द्यायचे नाहीत?”

भिंती थेट रेघेवर घालायच्या का, यावर थोडं अडलं. दोन भिंती चिकटल्या तर मध्ये पाणी मुरणार, गिलावा कुणालाच करता येणार नाही. मी खिशातला खडू काढला, जमिनीवर हद्दीची रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांवर आणखी एकेक. म्हटलं, कापडाला शिलाईपुरती माया सोडतो ना, तशी दोघांनीही सोडू. अण्णांना तो शब्द माहीत नव्हता. “माया म्हणजे ती माया?” “नाही हो, शिलाईची.” “असू दे,” म्हणाले, “तीन इंच.”

शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं. तेव्हा शंभराचा चालायचा, २०२४पासून पाचशेचा लागतो. वकिलांनी बजावलं की नोटरीच्या कागदाने जमिनीची मालकी इकडची तिकडे होत नाही, त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. पण इथे कुणी कुणाला जमीन देतच नव्हतं, दोघंही आपापल्या हद्दीत परत जात होतो. कागदात जास्त ओळी पाण्याच्या आहेत: पन्हाळीचा पाइप कुणाच्या बाजूने, छज्जा किती, गटारीचं चेंबर कोण साफ करणार. ज्यांना असं काही लिहायचं आहे त्यांनी पाण्याच्या ओळी आधी लिहाव्यात.

माझी चार फुटांची बाथरूम तीन फूट दोन इंचांची झाली. अंग पुसताना कोपर भिंतीला लागतं. अण्णांनी ओट्याची शहाबादी फरशी कटर लावून पाच इंच कापली. मोजून पाच, सूतभरही कमी-जास्त नाही, मी बघितलं. कापलेली कड अजून तशीच आहे, गिलावा केलेला नाही. वहिनी तिथेच बसतात, सूप थोडं तिरकं धरून.

नव्या घरात त्यांची मागची खिडकी राहिली नाही, तिकडे आता जिना आहे. त्यामुळे धोपाटणं पोचत नाही. रात्री अडीचला बायकोच्या मोबाइलवर मिस्ड कॉल येतो. एकच रिंग. उचलू नका म्हणून वहिनींनी बजावलंय, पैसे लागतात म्हणे. आता लागत नाहीत हे सांगून झालंय.