राऊटर नवा, स्पीड तोच ९४

गेल्या दिवाळीत आम्ही नेटचा प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा केला. मी आणि बायको आलटून पालटून घरून काम करतो, मुलीचे ऑनलाइन क्लास असतात आणि आईला दुपारी आतल्या खोलीत मोबाईलवर सिरीयलचे राहिलेले भाग बघायचे असतात. पैसे भरले, प्लॅन चालू झाल्याचा मेसेज आला, स्पीड टेस्ट मारली तर ९४. राऊटर बंद-चालू केला, परत ९४. रात्री दोनला उठून केली तरी ९४. आता लाईन खराब असली की आकडा वरखाली होतो, कधी ६० कधी १३०, हा पठ्ठ्या मात्र ९४ ला चिकटून बसलेला, आणि मला तेव्हाच खटकायला हवं होतं पण नाही खटकलं. मी ठरवूनच टाकलं की राऊटर जुना झालाय.

तसा तो जुना होताच. कनेक्शनबरोबर फुकट आलेला, वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) नुसता २.४ वाला, आणि वायर दारातून येते म्हणून चपलांच्या कपाटावर ठेवलेला. ठाण्यात घोडबंदर रोडला आमची टॉवर बिल्डिंग, वायफायची यादी उघडली की आपलं नाव सापडायला स्क्रोल करावं लागतं. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात आख्खी विंग कोंबलेली. वर कुणी मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच पट्ट्यात गोंगाट करणार.

मग दोन आठवडे फक्त राऊटर बघत होतो. खोक्यावरचे आकडे म्हणजे सेलच्या पाट्याच असतात. एसी१२०० लिहिलंय म्हणजे १२०० मिळणार असं वाटतं, पण ते २.४ च्या पट्ट्याचे ३०० आणि ५ च्या पट्ट्याचे ८६७ यांची बेरीज करून वर गोल केलेलं असतं, आणि तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. अँटेनाचंही तसंच. सहा अँटेनावाला दाखवला तर बायको म्हणाली, "झुरळ उताणं पडल्यासारखं दिसतंय, हे हॉलमध्ये नको." आणि खरं सांगायचं तर राऊटरने किती पॉवरने ओरडायचं यावर सरकारी मर्यादा असते, शिवाय तो कितीही ओरडला तरी फोनचा परतीचा आवाज बारीकच असतो. शेवटी चार अँटेनावाला, वायफाय ६ चा (म्हणजे वायफायच्या नव्या पिढीचा), वायर खोचायची सगळी पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची असलेला घेतला. पोर्टकडे मुद्दाम बघा बरं का, स्वस्तातल्या कितीतरी राऊटरना वायफायचे मोठे आकडे असतात आणि मागे पोर्ट मात्र १०० चंच.

आला, लावला, फोन दिमाखात राऊटरशी ८६६ ची लिंक दाखवतोय. स्पीड टेस्ट, ९४.

ऑपरेटरचा पोरगा आला, डक्टमध्ये डोकं घातलं आणि "सर, आमच्याकडून लाईन ओके आहे, तुमच्या राऊटरचा प्रॉब्लेम" म्हणून गेला. साडेतीन हजारांचा राऊटर चार दिवसांचा होता हो! लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचे काका भेटले, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, त्यांना सहज सांगितलं तर ते ९४ ऐकूनच हसायला लागले. वर आले, चष्मा कपाळावर सरकवला, राऊटरमधून वायर उपसली आणि ती पारदर्शक क्लिप माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत चारच तारा. बाकीच्या चार कापून मागे दुमडलेल्या.

"शंभरला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. कुणीतरी घाईत चारच तारा बसवल्यात."

म्हणजे वायर जोडताना दोन्ही बाजू आपापसात ठरवून १०० वर येत होत्या, आणि त्यातून डेटाच्या पाकिटांचं वेष्टण वजा जाता हातात ९४ च्या आसपास उरतात. काकांनी घरून क्रिंपिंगचं, म्हणजे क्लिप दाबून बसवायचं टूल आणलं, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा असं पुटपुटत आठही तारा ओळीत लावल्या, मग डक्टमधलं टोक. स्पीड टेस्ट, १९८. जुन्या राऊटरचं पोर्टही १०० चंच होतं, म्हणजे तो बदलायलाच लागणार होता, हे मी बायकोला दोनदा सांगितलं. ती काही बोलली नाही.

राहिली आईची खोली. आमचं बांधकाम मिव्हानचं, म्हणजे आतल्यासुद्धा भिंती विटांच्या नाहीत, साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या, सळ्यांसकट. खिळा ठोकायला हॅमर ड्रिल लागतं तिथे ५ गिगाहर्ट्झ काय जाणार, आणि मध्ये आरशाचं कपाट, आरशाच्या मागचा थरही धातूचाच. आधी एक रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, आणला होता आणि मूर्खासारखा आईच्याच खोलीत लावला, जिथे सिग्नल मुळात मेलेला. साधा रिपीटर ज्या रेडिओने ऐकतो त्यानेच पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो, म्हणजे मेलेल्याचा निम्मा.

मेशचा, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन राऊटरच्या संचाचा विचार केला, किंमत बघून सोडला. नेटची कॅट ६ ची वायर आणली, स्कर्टिंगवरून केसिंग-पट्टीत घालून आईच्या खोलीपर्यंत नेली आणि टोकाला तोच जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे वायरने आलेलं नेट नुसतं वायफायवर पसरवायला लावला. यात तीन गोष्टी सांभाळायच्या. डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) देण्याचं काम, बंद करायचं, नाहीतर घरात दोन राऊटर पत्ते वाटत बसतात. त्याचा स्वतःचा आयपी बदलायचा, माझ्याकडे दोघांचाही १९२.१६८.०.१ होता. आणि वायर वॅनमध्ये (बाहेरून नेट आत येण्याचं पोर्ट) नाही, लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात लावायची, मी पहिल्यांदा वॅनमध्येच लावून अर्धा तास घालवला. नाव आणि पासवर्ड हॉलमधल्यासारखाच ठेवला म्हणजे फोन आपला आपण इकडून तिकडे जातो. पोर्ट १०० चं असलं तरी सिरीयलला १० पण लागत नाहीत.

काकांनी पैसे घेतले नाहीत, कांदाभजी घेतली.

आईला विचारलं, आता ते गोल गोल फिरतंय का? म्हणाली, "फिरत नाही रे, पण जाहिरातीसुद्धा भराभर यायला लागल्यात."