सात मॅनाचं कार्ड, चौथ्या टर्नला

हार्थस्टोन हा दोघांनी ऑनलाइन खेळायचा पत्त्यांचा खेळ. त्याचं नवं एक्स्पान्शन, म्हणजे नव्या कार्डांचा संच, यायचा असला की त्यातली सगळी कार्डं तेव्हा आधीच जाहीर होत, पण खेळता येत नसत. नुसती वाचायची. २०१७च्या डिसेंबरात 'कोबोल्ड्स अँड कॅटकोम्ब्ज' येणार होतं, त्यात १३५ नवी कार्डं होती. तेव्हा मी पुण्यातल्या एका छोट्या संघासाठी डेक बांधून द्यायचं काम करत होते. मुलं बहुतेक कॉलेजातली. खिशात पैसे बेताचे, म्हणून गेममधली डस्टही बेताची. पॅकमधून हवं ते कार्ड निघेलच असं नसतं. नक्की हवं असेल तर डस्ट मोजून बनवावं लागतं. एपिक दर्जाच्या कार्डाला ४००, सगळ्यात दुर्मिळ लेजंडरीला १६००. एक लेजंडरी वाया गेली की त्या मुलाला पुढचे कितीतरी दिवस जुन्याच डेकवर काढावे लागत. त्यामुळे आदल्या दिवशी त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी असायची: पहिल्या रात्री काय बनवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, याची यादी.

एखादं कार्ड चांगलं की वाईट हे मी एकटं ठरवत बसत नाही. डेकमध्ये तेव्हा तीसच कार्डं. नवं आत यायचं तर एक जुनं बाहेर जाणार, आणि ते जुनंही काहीतरी कमाई करतच असतं. म्हणून कार्ड वाचलं की मी आधी डेक उघडते आणि त्यातलं सगळ्यात दुबळं कार्ड शोधते. स्पर्धेत हे फारच महत्त्वाचं. तेव्हाच्या पद्धतीत चार वेगवेगळ्या क्लासचे (पॅलाडिन, प्रीस्ट, वॉरलॉक अशा पात्रांचे) डेक घेऊन बसावं लागे, समोरचा त्यातला एक बाद करी, आणि उरलेल्या तिन्ही डेकनी एकेकदा जिंकलं तरच सामना तुमचा. एकाच लाडक्या डेकवर निभावून नेता येत नसे. चौथा डेकसुद्धा तीस कार्डांचा धड डेक लागायचा.

त्या दिवशी मुलांचा सगळा जीव टेम्पोरसमध्ये अडकला होता. प्रीस्टची लेजंडरी, किंमत सात मॅना (कार्ड टाकायला लागणारं, टर्नगणिक एकेकाने वाढणारं चलन), ६/६, म्हणजे अटॅक सहा आणि हेल्थ सहा. आधी समोरच्याला सलग दोन टर्न मिळतात, मग तुम्हाला सलग दोन. प्रीस्ट खेळणारा मुलगा सकाळपासून मागे लागला होता.

"ताई, सलग दोन टर्न मिळाल्यावर मला कोण अडवणार?"

"त्याच्या आधी त्याला दोन मिळतात ना? सातव्या टर्नला पॅलाडिनला दोन टर्न देऊन बघ. तुझे दोन येतील तेव्हा तू असशील का?"

तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. यात नवल नाही. कार्डावर लिहिलेलं बक्षीस डोळ्यांत भरतं, आणि ते मिळेपर्यंत काय मोजावं लागेल ते कार्डावर छापलेलं नसतं. ते बोर्डावर बघायचं असतं. टेम्पोरस यादीतून कटला, त्यावर मी जास्त वेळ घालवला नाही.

वेळ गेला तो कॉरिडॉर क्रीपरवर. कुठल्याही क्लासला चालणारं एपिक. सात मॅना, ५/५. मजकूर एका ओळीचा: हे कार्ड तुमच्या हातात असताना कुठलाही मिनियन, म्हणजे बोर्डावर उतरवलेलं लढणारं कार्ड, मेला की याची किंमत एकने कमी होते. गटात कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. २०१५च्या 'ब्लॅकरॉक माउंटन'मध्ये व्होल्कॅनिक ड्रेक नावाचं सहा मॅनाचं, ६/४चं कार्ड आलं होतं. त्याचीही किंमत मेलेल्या मिनियनगणिक कमी व्हायची, आणि ते फारसं कुणी मनावर घेऊन खेळलं नाही. जाणत्या मुलांनी क्रीपर वाचला, ड्रेक आठवला आणि पुढचं कार्ड उघडलं.

पण ड्रेक फक्त त्याच टर्नमध्ये मेलेले मिनियन मोजतो. टर्न संपला की हिशेब पुसला जातो आणि किंमत पुन्हा सहा. क्रीपरचं तसं नाही. जे उतरलं ते उतरलं. शिवाय 'कुठलाही मिनियन' म्हणजे माझाही आणि समोरच्याचाही. आपण मारा, नाहीतर आपले मरू द्या. किंमत दोन्हीकडून खाली येणार. कागदावर हा फरक दोन-तीन शब्दांचा होता, आणि तो खरंच किती मॅनाचा आहे हे वाचून कळण्यासारखं नव्हतं.

एक्स्पान्शन यायच्या आधी कार्ड खेळून बघता येत नव्हतं, म्हणून मी उलट्या बाजूने शिरले. आमच्या मुलांच्या मागच्या दोन महिन्यांतल्या सामन्यांचे रीप्ले साठवलेले होते. एकेक उघडायचा, क्रीपर हातात आहे असं धरायचं आणि शेजारी वहीत टर्नगणिक मेलेले मिनियन मांडत जायचं. मुद्दाम हरलेले सामने घेतले. जिंकलेल्या सामन्यात स्वस्त ५/५ आणखी एक फटका मारून देईल, पण त्याने माझ्या यादीला काय मिळणार? जे कार्ड फक्त जिंकत असतानाच कामाला येतं, त्याला स्पर्धेच्या डेकमध्ये जागा नाही, हे माझं ठाम मत आहे.

दुपारी ऑक्टोबरमधला एक रीप्ले लावला. आमचा पॅलाडिन, समोर वॉरलॉक. पहिल्या टर्नला 'लॉस्ट इन द जंगल'ने दोन १/१ रिक्रूट उभे केलेले. दुसऱ्याला हायड्रॉलॉजिस्ट, २/२. तिसऱ्याला नाइफ जगलर, २/२, आणि उरलेल्या एका मॅनात रायचस प्रोटेक्टर, १/१, टाँट (समोरच्याला आधी यालाच मारावं लागतं) आणि डिव्हाइन शील्ड (पहिला फटका वाया घालवणारी ढाल) यांसकट. पाच मिनियन बोर्डावर, समोरचं मैदान रिकामं, सगळं आपल्या मनासारखं. आणि चौथ्या टर्नला वॉरलॉकने दोन मॅनाचं डिफाइल टाकलं. सगळ्या मिनियनना एक डॅमेज, आणि कुणी मेला तर तेच पुन्हा. पहिल्या झटक्यात दोन्ही रिक्रूट गेले, प्रोटेक्टरचं शील्ड फुटलं, दोन्ही २/२ एका हेल्थवर आले. रिक्रूट मेले म्हणून दुसरा झटका, त्यात उरलेले तिघं. बोर्ड साफ. उरलेल्या दोन मॅनात त्याने टॅप करून, म्हणजे वॉरलॉकची ठरलेली हीरो पॉवर वापरून, एक कार्डही ओढलं.

आमच्या मुलाच्या हातात तेव्हा बोनमेअर अडकलं होतं. दुसऱ्याच टर्नला आलेलं, सात मॅना, ५/५. बोर्डावर मिनियन असेल तर त्याला +४/+४ आणि टाँट देणारं. चार मॅना हातात असताना त्याचा उपयोग शून्य. त्याने पॅलाडिनच्या हीरो पॉवरने एक रिक्रूट काढला आणि टर्न सोडला. सामना तिथेच संपल्यात जमा होता.

मी रीप्ले थांबवला. बोनमेअरच्या जागी क्रीपर धरला, तोच दुसऱ्या टर्नला आलेला. पाच मिनियन मेले. सातातून पाच गेले, उरले दोन. म्हणजे चौथ्या टर्नला दोन मॅनात ५/५ आणि उरलेल्या दोन मॅनात हीरो पॉवरचा रिक्रूट. समोरच्याने डिफाइल नुकतंच वापरलेलं. पुढच्या टर्नला त्याच्याकडे हेलफायर असलं तरी ते तीनच डॅमेज करतं, क्रीपर त्यातून वाचतो. ज्या चालीने आम्ही हरलो होतो, त्याच चालीने वॉरलॉकने आमचं कार्ड स्वस्त करून दिलं असतं!

इथे माझ्या कामातली गंमत मला पुन्हा एकदा लख्ख दिसली. बोर्ड भरणाऱ्या डेकला सगळ्यात जास्त धाक असतो तो बोर्ड साफ होण्याचा. क्रीपर हातात असला तर तो धाक अर्धा होतो, आणि समोरच्याला हे दिसतही नाही. डिफाइल टाकायचं की थांबायचं हा त्याचा हिशेबच चुकतो.

तरी एका रीप्लेवर यादी बांधता येत नाही. क्रीपर हातात आल्यानंतरचेच मृत्यू मोजले जातात, तेव्हा तो लवकर यायला हवा. मलिगन (सुरुवातीची कार्डं बदलून घेणं) बाजूला ठेवलं आणि दोन प्रती धरल्या, तर दुसऱ्या टर्नपर्यंत किमान एक हातात असण्याची शक्यता सामन्यात पहिला टर्न घेणाऱ्याला सुमारे ३१ टक्के, त्याच्यानंतर खेळणाऱ्याला ३७. म्हणजे बहुतेक वेळा तो उशिराच येणार. म्हणून मी उशिरा येणारा क्रीपरही तपासला, सहाव्या टर्नला ओढलेला. अॅग्रोविरुद्ध अॅग्रो, म्हणजे झटपट हल्ला करणाऱ्या दोन डेकच्या, सामन्यात तो एक-दोन टर्नमध्येच तीन-चार मॅनावर येत होता. सामना लांबवणाऱ्या, मिनियनच नसलेल्या कंट्रोल डेकसमोर मात्र जड जात होता, आणि तिथे बोनमेअर बरं होतं. ही उणी बाजू मी यादीत स्पष्ट लिहिली.

संध्याकाळी मुलांना सांगितलं: पॅलाडिन आणि झू (वॉरलॉकचा छोट्या मिनियनांचा डेक) खेळणाऱ्यांनी दोन-दोन क्रीपर पहिल्याच रात्री बनवायचे, बाकी सगळं नंतर. पॅलाडिन खेळणारा मुलगा हिशेबी.

"दोघांचे ८०० होतात, ताई. अर्धी लेजंडरी झाली. आणि बाहेर काढू काय?"

मी त्याला त्याचाच रीप्ले लावून दिला. डिफाइल पडलं तिथे तो स्वतःच बोटांवर मोजायला लागला.

७ डिसेंबरला एक्स्पान्शन आलं. थोड्याच दिवसांत लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन रँकच्या सामन्यांत, चित्र असं झालं की बोर्डावर लढणारा डेक म्हटला की त्यात दोन क्रीपर ठरलेले: पॅलाडिन, झू, रोग क्लासचा कीलसेथ कार्डवाला टेम्पो डेक, सगळीकडे. आमच्या मुलांना मिळालेला फायदा म्हणजे सुरुवातीचे ते थोडे दिवस, जेव्हा समोरचे अजून निर्धास्तपणे बोर्ड साफ करत होते. भारतात हा खेळ स्पर्धेसाठी खेळणारे मोजके, आणि त्यांना तयारीसाठी कुणी माणूस देत नाही. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सचे प्रदर्शनीय सामने झाले, त्यात तीर्थ मेहताने हार्थस्टोनचं कांस्यपदक आणलं. तेव्हा हे वह्या भरत बसणं पोरखेळ नाही, हे आमच्या मुलांच्या घरच्यांनाही थोडं पटलं. मला त्या पदकाचा फार आनंद झाला होता.

फेब्रुवारी २०१८च्या पॅचमध्ये क्रीपर नर्फ झाला, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनीच तो दुबळा केला. पॅचेस, राझा आणि बोनमेअर ही कार्डंही त्याच वेळी. क्रीपरच्या किंमतीला कुणी हात लावला नाही, फक्त अटॅक पाचाचा दोन केला. पॅलाडिनवाल्या मुलाला यात दिलासा वाटला.

"फुकट पडतो तो पडतोच की, ताई. हेल्थही पाच आहे. ठेवू ना?"

मी त्याला दोन भागाकार करायला लावले. समोरच्या हीरोची हेल्थ तीस. ५ अटॅकचा क्रीपर मोकळा सुटला तर सहा फटक्यांत गेम संपवतो. २ अटॅकच्याला पंधरा लागतात. सहा फटके म्हटल्यावर समोरच्याला हातातलं सगळं टाकून क्रीपरच मारावा लागतो, आणि तेवढ्यात आपला बोर्ड पुन्हा भरतो. पंधरा म्हटल्यावर तो क्रीपरकडे बघणारही नाही. ट्रेड करायला, म्हणजे मिनियनवर मिनियन घालायला, गेलं तर पाच अटॅकपुढे त्या टर्नला उभं असलेलं बहुतेक काहीही पडतं, दोनपुढे फारसं काही पडत नाही. डिफाइलनंतर दोन मॅनात मिळणारं २/५ तुम्हाला त्या टर्नपुरतं वाचवेल, पण सामना परत ओढून आणणार नाही. आणि आम्ही ते कार्ड घेतलं होतं ते सामना परत ओढण्यासाठीच.

नर्फ झालेल्या कार्डाची काही दिवस पूर्ण डस्ट परत मिळते, एपिकला पूर्ण ४००. दोन्ही क्रीपर मोडून त्याचे ८०० परत आले. त्याला लगेच दुसरं काहीतरी बनवायचं होतं. मी थांबवलं. एप्रिलमध्ये विचवूड हे पुढचं एक्स्पान्शन येणार होतं आणि त्याबरोबर रोटेशन, म्हणजे जुन्या संचांची गच्छंती. पॅचेससकट २०१६चे तीन संच स्टँडर्ड या मुख्य प्रकारातून बाहेर जाणार होते. कुठल्या क्लासचा पाया शाबूत राहतो ते बघितल्याशिवाय त्या डस्टला हात लावायचा नाही, असं ठरलं. जागा मोकळी झाली तिथे आम्ही जुनंच, आधी काढलेलं एक तीन मॅनाचं मर्लॉक जातीचं मिनियन परत घातलं.