पाठवलेला मेल पोहोचला का, हे तुम्ही विचारलेत म्हणून

मेल पोहोचला की नाही एवढी साधी गोष्ट तुम्हाला सांगता का येत नाही, हा प्रश्न आपल्या फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा) मेल सर्व्हर सांभाळणारा म्हणून मला मार्केटिंग, खरेदी आणि अकाउंट्स या तिन्ही विभागांकडून वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा असे गृहीत असते की मला ते ठाऊक आहे, पण मी टाळतो आहे. उभ्याउभ्या दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून या वेळी ते लिहूनच काढतो.

आपल्या सर्व्हरवरून मेल किती वाजून किती सेकंदांनी बाहेर पडला, हे मी सांगू शकतो. समोरच्या सर्व्हरने तो स्वीकारला, परतवला की थोड्या वेळाने पुन्हा या असे कळवले, हेही सांगू शकतो. त्यापुढे तो त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडला, जंकमध्ये गेला की एखाद्या फिल्टरने अडवून ठेवला, हे मला दिसत नाही, कारण ते यंत्र आपले नाही आणि त्याच्या नोंदी पाहण्याचा अधिकारही मला नाही. यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन निळ्या खुणांचा दाखला दिला जातो. तिथे पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच कंपनीच्या व्यवस्थेत असतात, म्हणून ती कंपनी दोन्ही टोकांचे सांगू शकते. मेलचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले तेव्हापासून वेगवेगळ्या मालकांच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या सर्व्हरांनी एकमेकांचा मेल घ्यावा, हीच त्याची रचना आहे. अमुक पत्ता तुमच्याकडे आहे का, असे थेट विचारण्याची एक आज्ञा त्या नियमांत होती. स्पॅम पाठवणारे तिच्या आधारे पत्ते गोळा करू लागल्यावर जवळपास सगळ्यांनी ती बंद केली, आणि मीही केली आहे. वाचल्याची पावती मागता येते, परंतु ती द्यायची की नाही हे वाचणारा ठरवतो.

मला काहीच शोधून काढता येत नाही, असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. तुमच्या बहुतेक तक्रारींचे उत्तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मिळते आणि पटकन मिळते, फक्त परत आलेला बाउन्स मेल, म्हणजे मेल न पोहोचल्याचे कळवणारा मेल, अख्खा पाठवा. मोबाइलवर काढलेल्या अर्ध्या फोटोत नेमका कामाचा आकडा कापला गेलेला असतो. ५५० आणि ५.१.१ दिसले तर पत्ताच चुकला आहे, ५.२.२ असेल तर समोरची मेलबॉक्स भरली आहे. वीस एमबीची ड्रॉइंग जोडून ती परत का आली असे डिझाइनची मंडळी विचारतात, तर मेलमध्ये फाइल अक्षरांत रूपांतरित होऊन जाते आणि त्यात तिचा आकार तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाढतो, म्हणून पंचवीस एमबीची मर्यादा असलेल्या ठिकाणी ती बसत नाही. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे नकार नव्हे; काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी मुद्दाम परतवतात, आणि आपला सर्व्हर थोड्या अंतराने पुन्हा जातो तेव्हा घेतात. असा मेल पोस्टफिक्स, म्हणजे आपला मेल सर्व्हर चालवणारे सॉफ्टवेअर, पाच दिवसांपर्यंत रांगेत ठेवून प्रयत्न करत राहतो. पाचव्या दिवशी आलेला बाउन्स पाहून तुम्ही संतापता हे मला समजते, म्हणूनच चार तासांत मेल गेला नाही तर पाठवणाऱ्याला सूचना जाईल अशी व्यवस्था मी केली आहे, परंतु ती इंग्रजी सूचना स्पॅम समजून डिलीट केली जाते, हेही मी लॉगमध्ये नव्हे, तुमच्या टेबलाशी उभा राहून पाहिले आहे.

आता ज्या प्रसंगानंतर हा प्रश्न मला बोचू लागला, त्याविषयी सांगतो. परराज्यातल्या एका पंप उत्पादकाने कास्टिंगसाठी चौकशी पाठवली होती आणि कोटेशन शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मागितले होते. मार्केटिंगमधल्या आमच्या एका सहकारी मॅडमनी ते चारच्या सुमारास पाठवले. सोमवारी त्या खरेदीदाराकडून फोन आला की तुमचे कोटेशन आलेच नाही, म्हणून तुम्हाला वगळले आहे. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीसाठी ते काम लहान नव्हते, त्यामुळे दुपारी संचालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली, आणि तिथे पहिला प्रश्न मला नाही, मॅडमना विचारला गेला: तुम्ही खरोखर पाठवले होते का, की आज सकाळी पाठवून जुनी वेळ दाखवत आहात?

मी लॉगमधली ती ओळ छापून नेली होती. तीत सर्वांत आधी तारीख आणि वेळ होती, मग रांगेतला क्रमांक, मग ज्याला मेल पाठवला त्याचा पत्ता, समोरच्या सर्व्हरचे नाव आणि आयपी (इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता), पोहोचवायला लागलेले तीन सेकंद, आणि शेवटी 'स्टेटस सेंट' (पाठवला गेला) व त्यांच्या सर्व्हरने स्वतः दिलेले उत्तर: २५०, २.६.०, क्यूड मेल फॉर डिलिव्हरी, म्हणजे मेल स्वीकारून पुढे पोहोचवण्यासाठी रांगेत घेतला. मी सांगितले की हे उत्तर आपल्या सर्व्हरचे नसून त्यांच्या सर्व्हरचे आहे, आपल्याला ते बनवता येत नाही, आणि आपल्या सर्व्हरचे घड्याळ अधिकृत वेळेशी जुळलेले असते. संचालक साहेबांनी कागद हातात घेऊन विचारले, "मग तो मेल आहे कुठे?" मी म्हणालो, "त्यांच्याकडे." त्यांनी पुन्हा विचारले, "त्यांच्याकडे म्हणजे कुठे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मॅडम संपूर्ण बैठकभर त्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांनी केलेल्या कामाचा पुरावा टेबलावर पडलेला होता आणि तरीही त्यांच्यावरचा संशय हटत नव्हता, कारण मेल आहे कुठे, हे तो कागद सांगत नव्हता.

खरेदीदाराच्या आयटी विभागाला मी वेळ, मेसेज आयडी (प्रत्येक मेलची वेगळी ओळखखूण) आणि त्यांच्याच सर्व्हरचे उत्तर पाठवले. पहिले उत्तर आले की आमच्याकडे दिसत नाही. दुसऱ्यांदा मी फोनवर विनंती केली की इनबॉक्समध्ये नव्हे, संशयास्पद मेल अडवून ठेवतात त्या क्वारंटाइनमध्ये पाहा. बऱ्याच दिवसांनी त्यांच्यापैकी एकाने सौजन्याने कळवले की मेल तिथेच आहे; जोडलेल्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो (फाइलीतच बसवलेला छोटा प्रोग्राम) असल्यामुळे त्यांच्या फिल्टरने तो अडवला आणि त्याची सूचना कोणीच न उघडणाऱ्या एका सामायिक मेलबॉक्सकडे गेली. ती एक्सेल फाइल त्यांनीच चौकशीसोबत पाठवलेला नमुना होता. वजन, पॅटर्नचा (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात त्या नमुन्याचा) खर्च आणि मशीनिंगचे दर त्यातच भरून द्यावेत अशी त्यांची अट होती. तोपर्यंत काम दुसऱ्या फाउंड्रीला मिळाले होते. हे पत्र मी साहेबांना दाखवले, त्यांनी मान हलवली आणि विषय संपला. बैठकीत विचारलेला तो प्रश्न मात्र कोणी मागे घेतला नाही.

कंपनीच्या वकिलांना मी हे दाखवले तेव्हा त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम १३ काढून वाचले. पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणक यंत्रणेत नोंद शिरली की ती पाठवली गेली असे मानतात, आणि घेणाऱ्याने त्यासाठी नेमून दिलेल्या यंत्रणेत ती शिरली की ती मिळाली असे मानतात. माझ्या कागदावरची ओळ याहून स्पष्ट असू शकत नाही, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. पण ते कलम 'उभयतांमध्ये वेगळे काही ठरले नसेल तर' या अटीने सुरू होते, आणि त्या चौकशीच्या बारीक अक्षरांत असे छापले होते की कोटेशन आमच्या खरेदी विभागाच्या दृष्टीस येणे ही पाठवणाऱ्याची जबाबदारी राहील. शिवाय ज्याच्याकडून पुढच्या वर्षी काम हवे आहे त्याच्याशी कलमे घेऊन भांडायचे नसते, हे मला फाउंड्रीतल्या कोणीही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या कामात नवा होतो तेव्हा माझे मत पक्के होते. समोरून २५० आले की आपले काम संपले. गेटवर आवक नोंदवहीत शिक्का मारून घेतल्यावर आत ते पाकीट कोणाच्या टेबलावर फिरते याची चिंता डिस्पॅचचा माणूस करत नाही, मग मी का करावी? मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीच्या नियमांतही हेच आहे की २५० देणारा सर्व्हर त्या क्षणापासून मेल पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्याचे कळवण्याची जबाबदारी स्वीकारतो, आणि त्याने ती गांभीर्याने घेतली पाहिजे. त्या तरुण अ‍ॅडमिनशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी आज वाद घालतो तेव्हा तो हरत नाही. नियम त्याच्या बाजूने आहे. माझे म्हणणे एवढेच असते की जबाबदारी त्यांची असली तरी त्या दिवशी केबिनमध्ये मान खाली घालून बसलेली व्यक्ती आपली होती. तो विचारतो, मग मी नेमके काय वेगळे करायला हवे होते? मी कागद नेला, फोन केला, पाठपुरावा केला. मला त्याला उत्तर देता येत नाही.

समोरच्यांना दोष देतानाही माझा हात आखडतो. मेल अडवल्यावर पाठवणाऱ्याला कळवत का नाहीत, असे तुम्ही विचाराल. परंतु स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, आणि प्रत्येकाला कळवायला गेले तर ज्यांनी काही पाठवलेच नाही त्यांच्याकडे बाउन्सचा पूर येतो. मॅक्रो असलेल्या फाइली आपला सर्व्हरही अडवतो, आणि तो नियम मीच लावला आहे, कारण अशाच एका फाइलीतून अकाउंट्सच्या संगणकात व्हायरस शिरू शकतो. आपल्या क्वारंटाइनची यादी मी रोज सकाळी स्वतः वाचतो. तरीही आपल्याकडे कोटेशन पाठवणाऱ्या एखाद्या छोट्या पॅटर्न शॉपचा मेल आपल्याकडेच अडून, तिकडे कोणा माणसाला असाच प्रश्न विचारला गेला नसेल, याची शपथ मी घेऊ शकत नाही.

मग हे सगळे गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे सोपवून मोकळे का होत नाही, हा पुढचा प्रश्न असतो. आपल्यासारख्या लहान सर्व्हरची पत राखणे कठीण झाले आहे, हे खरे आहे. इंटरनेटची लाइन बदलली तेव्हा नव्या आयपीचे रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) नोंदवून घ्यायला सेवा देणाऱ्याच्या किती मिनतवाऱ्या कराव्या लागल्या हे मला ठाऊक आहे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या, मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याचा आहे हे पटवणाऱ्या नोंदींचे नियम कडक केल्यावर तर एक नोंद चुकली तरी मेल परत येतात. कदाचित एक दिवस आपण तिकडे जाऊही, आणि मी त्याला विरोध करणार नाही. मात्र त्या पंप उत्पादकाचा मेल अशाच एका मोठ्या क्लाउड सेवेवर होता आणि कोटेशन अडकले ते तिथेच. लॉग आपल्या हातात नसता तर त्या दिवशी मॅडमच्या बाजूने टेबलावर ठेवायला ती एक ओळही लगेच मिळाली नसती.

साहेबांनी त्यानंतर नियम केला की मोठे कोटेशन पाठवले की फोन करून खात्री करायची, आणि तो योग्य आहे असे माझे मत आहे, जरी मॅडम आता प्रत्येक मेलनंतर फोन करतात आणि मला ते पाहवत नाही. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा पाठवल्याची वेळ आणि पत्ता द्या. मी आपल्या सर्व्हरची ओळ देईन, त्यांच्या सर्व्हरचे उत्तर देईन आणि तिकडे कोणाला काय शोधायला सांगायचे तेही लिहून देईन. त्यापलीकडचे प्रमाणपत्र मी देणार नाही, आणि मी ते दिले नाही म्हणून आपल्या माणसाने मेल पाठवलाच नाही, असा अर्थ कोणत्याही बैठकीत कोणी काढू नये, हे मी आधीच सांगून ठेवतो.