कावीळ झालेला सामुराई आणि समोरच्या बिल्डिंगची हिरवी जाळी

फोटो बघून आई म्हणाली, अरे याला कावीळ झालीये का? आणि ही डावी बाजू बघ, शेवाळ धरल्यासारखी दिसतेय.

नुकताच सामुराई घेतला होता मी, म्हणजे कपाटात मांडून ठेवायची ॲक्शन फिगर. १/६ स्केल, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश, साधारण बारा इंच, काळं चिलखत, खऱ्या कापडाचे कपडे, शिरस्त्राण काढता येतं, किती पैसे गेले ते इथे लिहिणार नाही कारण हा ब्लॉग बायको वाचते. पण आईचं शंभर टक्के बरोबर होतं. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा हिरवट आणि डोळे शिळ्या बांगड्यासारखे.

पिवळ्याचं कारण लगेच सापडलं. हॉलची ट्यूब ६५०० केल्व्हिनची, म्हणजे निळसर पांढरी, टेबल लॅम्पमधला बल्ब ३००० च्या आसपासचा, म्हणजे पिवळा. कॅमेरा अख्ख्या फोटोला व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेली रंगदुरुस्ती) एकच लावतो, त्यामुळे एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड पडला की एक गाल सुधारावा तर दुसरा बिघडतो, मी तासभर स्लायडर ओढत बसलो आणि शेवटी वैतागून लॅपटॉप बंद केला. हिरवं कुठून येतंय ते कळायला मात्र तीन दिवस गेले. आम्ही राहतो ठाण्यात, नौपाड्यात, इथे दर दोन बिल्डिंगमागे एक रिडेव्हलपमेंटला गेलेली, आमच्या समोरचीही गेलीये, वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लावलीये. दुपारचं ऊन त्या जाळीवर पडतं आणि तोच उजेड आमच्या खिडकीतून आत येतो. डोळ्यांना कळतच नाही, आपला मेंदू गुपचूप ॲडजस्ट करून टाकतो. शेवटी सामुराईच्या जागी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढला, तर कागद चक्क पोपटी!

मग पडदा ओढला, ट्यूब बंद केली आणि एकच दिवा ठेवला. त्याआधी माझं गणित सोपं होतं, फोटो काळोखा येतोय ना, मग दिवे वाढवा. तीन लॅम्प लावायचो. सावल्याही तीन पडायच्या, तीन दिशांना, सामुराई वानखेडेवर डे-नाइट मॅच खेळतोय असं वाटायचं. आणि उजेड सगळीकडून सारखा आला की चेहरा सपाट होतो, नाकाची सावली नाही, गालफडाचा उठाव नाही, रंगवणाऱ्याने एवढी मेहनत केलेली सगळी पाण्यात.

आता एक दिवा म्हणजे नुसता बल्ब नाही हां. नुसता बल्ब छोटासा असतो, त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते आणि प्लॅस्टिकवर पांढरा ठिपका चमकतो, तो ठिपका बघितला की खेळणं आहे हे लगेच समजतं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, दीड फुटाची चौकट कापली, तिच्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि बल्ब मागे ठेवला. मजा अशी की ही चौकट जितकी जवळ आणाल तितका उजेड मऊ होतो. मला उलटं वाटायचं, लांबचा दिवा सौम्य असणार. पण सौम्य असणं आणि मऊ असणं यात फरक आहे. लांब नेला की उजेड कमी होतो, अंतर दुप्पट केलं तर चौथाईवर येतो, पण सावली कडकच राहते, कारण फिगरच्या जागेवरून बघितलं तर दिवा आणखी लहान दिसतो. माझी चौकट फिगरपासून फूटभरावर असते, फ्रेमच्या जेमतेम बाहेर. बारा इंचाच्या माणसाला दीड फुटाची चौकट म्हणजे आख्खी बाल्कनीच झाली. (एलईडी असेल तरच हे करा, हॅलोजनपुढे कागद नको, घर जाळाल.)

बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० किंवा वर लिहिलंय का बघा. स्वस्त बल्बमध्ये लाल रंग बऱ्याचदा कमी पडतो आणि फिगरची कातडी आजारी वाटते. दुसऱ्या बाजूला मी थर्माकोलचा तुकडा उभा करतो, २०१८ च्या बंदीआधीच्या मखराचा, माळ्यावर पडला होता. सावली फारच गडद झाली तर तो जवळ सरकवायचा, बस.

आणि डोळे. चौकट समोर थोडी वर, साधारण पंचेचाळीस अंशात आणली आणि मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत गेलो, एका जागी बुबुळात पांढरा कवडसा उमटला आणि शप्पथ सांगतो, तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. चांगल्या फिगरच्या डोळ्यांवर चकचकीत थर असतो तो यासाठीच. शिरस्त्राण घातलं की त्याची कड डोळ्यांवर सावली पाडते, मग दिवा खाली आणा नाहीतर मान वर करा.

काळ्या चिलखताची एक वेगळी भानगड. कॅमेऱ्याला वाटतं केवढा हा अंधार, म्हणून तो फोटो उजळवतो आणि काळा सामुराई राखाडी होऊन बसतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली ओढा, म्हणजे उजेड निम्मा. पांढऱ्या बॅकग्राउंडवर बरोब्बर उलटं, तिथे वर न्यायचं.

आता फोकस, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान) जुना डीएसएलआर आणि ५० एमएमची एफ १.८ वाली लेन्स. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि फोकसमधली खोली कमी.) ती घेतली तेव्हापासून सगळे फोटो एफ १.८ वर, कारण मागचं सगळं धूसर होतं आणि भारी दिसतं. माणसांचे फोटो काढताना ठीक आहे. पण अर्ध्या मीटरवरून एफ १.८ ला जेवढी खोली फोकसमध्ये राहते ती सहा-साडेसहा मिलिमीटर! सामुराईच्या नाकापासून कानापर्यंत दोन सेंटिमीटर. म्हणजे डोळा शार्प तर नाकाचा शेंडा गेला, तलवार तर विसराच. एफ ८ केलं की तीन सेंटिमीटरच्या जवळ मिळतात, चेहरा आरामात बसतो. एफ १६ च्या पुढे जायचा मोह मात्र टाळा, तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच थोडं धूसर पडतं. एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर अर्धा सेकंद उघडं राहील, राहू दे, पुतळा काही पळून जात नाही.

पण अर्धा सेकंद म्हणजे ट्रायपॉड आलाच, दोन सेकंदांचा टायमर आला, आणि पंखा बंद, कारण कापडी झगा हलतो. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून फोटो काढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. तरीही एका रविवारी सगळे फोटो हललेले. ट्रायपॉड तपासला, काही उपयोग नाही. मग लक्षात आलं, भिंतीपलीकडे वॉशिंग मशिन स्पिनवर होतं. आता बायकोला विचारून फोटो काढतो.

फोकस कॅमेऱ्यावर सोडू नका, तो हमखास नाक नाहीतर छातीवरचं नक्षीकाम पकडतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून), दहापट झूम, मॅन्युअल फोकस, जवळचा डोळा. मोबाइलवाल्यांनी एवढंच करा, जवळ जाऊ नका. फोन तोंडाशी नेला की एकतर फोकस लागत नाही नाहीतर तो गुपचूप अल्ट्रावाइडवर जातो आणि नाक भोपळ्याएवढं होतं. दोन पावलं मागे या, २एक्स किंवा ३एक्स लावा. आणि कॅमेरा फिगरच्या नजरेच्या उंचीला, उभं राहून वरून काढलेल्या फोटोत टेबलावरचं खेळणंच दिसणार.

तलवार पुढे रोखलेली असेल तर एफ ११ सुद्धा पुरत नाही. तेव्हा स्टॅकिंग. तलवारीच्या टोकापासून मागच्या खांद्यापर्यंत फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा फोटो आणि कॉम्प्युटरवर एकत्र. मी हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं एन्फ्यूज वापरतो, फुकट आहे, थोडं किचकट आहे. हे दिव्यावरच करा. जुलैत आमच्या खिडकीतून ढगाळ उजेड येतो, त्याच्याइतका सुंदर मऊ उजेड कुठलाच दिवा देत नाही (जाळी ओली होऊन काळपट पडते, हा बोनस), पण ढग दर मिनिटाला बदलतात, चौथा फोटो उजळ, पाचवा काळोखा, आणि एकत्र केल्यावर सामुराईला कोड फुटल्यासारखे पट्टे.

हे सगळं जमल्यावर पहिला मनासारखा फोटो सामुराईचा नाही आला. दिवाळीत पुतण्याच्या किल्ल्यासाठी जांभळी नाक्यावरून मातीचे मावळे आणले होते, त्यातला एक भालेवाला माझ्या टेबलावर राहिला होता. साडेतीन इंच, डोळे म्हणजे ब्रशचे दोन काळे ठिपके, मिशी थोडी वाकडी. त्याच्यामागे कुंडीतला विटेचा तुकडा उभा केला, चौकट डावीकडून, थर्माकोल नाही, एफ ११. मातीचा रंग चकचकीत नसल्यामुळे उजेड इतका छान बसला की सामुराईचा हेवा वाटेना.

आईने तो फोटो मला न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकला. डोंबिवलीच्या आत्याचा लगेच मेसेज, किल्ला कुठला रे हा, नि पुतळा केवढा मोठा आहे? मी अजून उत्तर दिलेलं नाही. भाल्याचं टोक किंचित फोकसबाहेर गेलंय, ते आत्याला दिसलं नसावं, मला मात्र दर वेळी आधी तेच दिसतं.